साखरेची नोंद दुकानातून, सल्ला दवाखान्यातून

मधुमेह असलेल्या दुकानदाराला डॉक्टरांकडे जायचे म्हणजे अर्धा दिवस शटर खाली. नगावर मजुरी घेणाऱ्या कारागिराचा तर तेवढा रोजच बुडतो. मग तपासणी पुढच्या महिन्यावर जाते आणि साखर वाढत राहते. घरी किंवा दुकानात मोजलेली साखर फोनवरून डॉक्टरांना कळवायची व त्यांनी तिच्यावर लक्ष ठेवायचे, ही पद्धत अशांना सोयीची आहे. मात्र पैसा कशावर घालायचा, हे व्यापारी बंधूंनी आधी समजून घ्यावे.

साधन साधे आहे. बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब पट्टीवर घेतला की ग्लुकोमीटर काही सेकंदांत आकडा दाखवतो. काही मीटर तो स्वतःच मोबाईलवर पाठवतात. नसल्यास हाताने लिहून पाठवला तरी चालते. दंडावर चिकटवायचा सेन्सर दिवसरात्र साखर मोजतो, पण साधारण दोन आठवड्यांनी नवा घ्यावा लागतो. इन्शुलिन न घेणाऱ्या बहुतेकांचे काम आमच्या मते मीटरवर भागते.

अमेरिकेत माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य खात्याने २००३ साली घरबसल्या देखरेखीची योजना सुरू केली. रुग्णांत मधुमेही पुष्कळ होते. एका नर्सकडे १०० ते १५० रुग्ण; ती आलेले आकडे पाही व बिघाड दिसताच फोन करी. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या हिशोबानुसार १७,०२५ रुग्णांत इस्पितळात भरती होण्याचे प्रमाण १९ टक्क्यांनी घटले. खर्च दरमाणशी वर्षाला १,६०० डॉलर. (ही तुलना त्याच रुग्णांच्या आधीच्या स्थितीशी होती, तेव्हा आकडे थोडे हात राखून घ्यावेत.) याउलट न्यूयॉर्क राज्यात २००० साली सुरू झालेल्या ‘आयडियाटेल’ प्रयोगात १,६६५ वृद्ध मधुमेही घेतले गेले. त्यांतल्या निम्म्यांच्या घरी पडद्यावर बोलता येईल अशी यंत्रे बसवली. साखर काहीशी आटोक्यात आली, पण खर्च दरमाणशी वर्षाला ८,००० डॉलरांवर गेला आणि उपचारांची बिले काही कमी झाली नाहीत.

तेव्हा भारी यंत्र घेण्याआधी आपल्या डॉक्टरांनाच विचारावे : आकडे कोण पाहणार, किती दिवसांनी, कोणत्या आकड्यावर आम्ही फोन करायचा, आणि फी किती? पाहणारा कोणी नसेल तर ती वही कोरीच समजावी. फोनवरून सल्ला देण्याचे नियम भारत सरकारने मार्च २०२० मध्ये जाहीर केले आहेत, त्यामुळे नोंदणीकृत डॉक्टरांना त्यात अडचण नाही. शुद्ध हरपणे, छातीत दुखणे अशा वेळी मात्र फोनवर न बसता थेट इस्पितळ गाठावे.

रमजानमध्ये या सोयीचा खरा उपयोग होतो. बाजार रात्री उशिरापर्यंत चालतो, जेवणाच्या व औषधाच्या वेळा बदलतात. रोजे धरणाऱ्या मधुमेहींसाठीच्या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मार्गदर्शिकेप्रमाणे साखर ७०च्या खाली किंवा ३००च्या वर गेल्यास रोजा सोडावा. बोट टोचून तपासल्याने रोजा तुटत नाही, हेही तिच्यात सांगितले आहे. औषधाचा डोस मनाने बदलू नये. त्यासाठी सहा ते आठ आठवडे आधी डॉक्टरांना भेटावे. रोज सहरीपूर्वी, दुपारी, इफ्तारच्या आधी व इफ्तारनंतर दोन तासांनी आकडा घ्यावा. हातपाय थरथरले, घाम सुटला, तर वेळेची वाट न पाहता लगेच.