शिशाचे रंग आणि रांगते मूल

कन्नड तालुक्यातील देवगाव रंगारी या गावाच्या नावातच रंग आहे, आणि आम्हांला ज्या विषयासंबंधी बोलावयाचे आहे तोही रंगापासूनच सुरू होतो. शिसे हा धातू दिसावयास करडा व निस्तेज. परंतु त्याच्या पोटी जन्मणारे रंग मात्र मोठे तेजस्वी असतात. दारा-खिडक्यांच्या तैलरंगात पूर्वी सर्रास पडणारा सफेदा शिशाचा. मारुतीच्या अंगावरचा शेंदूर शिशाचा. हलक्या प्रतीच्या हळकुंडांना झळाळी यावी म्हणून लबाड व्यापारी जो पिवळा रंग चोळतात, तोही शिसे आणि क्रोमियम यांच्या संयोगातून झालेला. येथे एक खुलासा करून टाकलेला बरा. शाळकरी मुलांच्या शिसपेन्सिलीत शिसे मुळीच नसते. ते ग्राफाइट, म्हणजे कोळशाचाच भाऊबंद. बिचारी पेन्सिल नावापायी बदनाम झाली आहे.

तालुक्यातीलच एका वस्तीवर ओसरीत बसून आम्ही हे सांगत होतो. घरातल्या आजी सुपातली डाळ निवडीत होत्या. त्यांनी मान वर न करताच विचारले, "काय रे बाबा, सात पिढ्या मारुतीला शेंदूर लावतो आम्ही. कुणाला काय झालं, ते सांग की."

प्रश्न रास्त होता, आणि त्याचे उत्तर सोपे नाही. मुलाला ताप आला, झटके आले, तर आई धावत दवाखाना गाठते. शिसे पुष्कळ प्रमाणात पोटात गेले तर तेही हे सारे करते. पोटात कळा येतात, अंग पांढरे पडते, प्रसंगी मेंदूला सूज येऊन मूल दगावते. ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेन येथे मुलांचे हातपाय लुळे पडत व दृष्टी अधू होई. तेथील नेत्रवैद्य डॉ. लॉकहार्ट गिब्सन यांनी १९०४ साली दाखवून दिले की, हा रोग घराच्या व्हरांड्याच्या कठड्यांतून येतो. उन्हाने कठड्यांचा रंग भुरभुरीत होई, मुले त्याला धरून खेळत आणि तेच हात तोंडात घालीत. मुलांच्या हाताला लागेल अशा ठिकाणी शिशाचा रंग लावण्यास मनाई करणारा कायदा तेथे व्हावयास १९२२ साल उजाडले.

परंतु आजींचा प्रश्न या मुलांविषयी नव्हता. ज्या मुलाला काहीच झालेले दिसत नाही, त्याचे काय, असा तो होता. आपल्याकडे पडलेले दुधाचे दात छपरावर फेकण्याची रीत आहे. अमेरिकेतील डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी असेच दात मुलांकडून मागून घेतले व त्यांतील शिसे मोजले. ही मुले खेळणारी, शाळेत जाणारी, धडधाकट होती. १९७९ साली त्यांनी प्रसिद्ध केलेला निष्कर्ष असा की, ज्यांच्या दातांत शिसे अधिक ती मुले बुद्धिमापनात मागे पडत. आणि ज्या शिक्षकांना दातांची काहीही कल्पना नव्हती, त्यांनीही याच मुलांविषयी 'लक्ष लागत नाही, सांगितलेले ध्यानात राहत नाही' असे शेरे दिले होते. एका मुलाची बुद्धी चार गुणांनी उणी झाली तर घरात कोणाला कळणार? 'पोरगं जरा हूड आहे' एवढेच आपण म्हणतो. सात पिढ्यांत कोणाला काय झाले हे आजींना दिसले नाही, त्याचे कारण हेच आहे.

आता हे विष लहान मुलांनाच का बाधते, ते पाहू. प्रौढ माणसाने गिळलेल्या शिशापैकी सुमारे दहावा भाग अंगात मुरतो. लहान मुलाच्या अंगात जवळजवळ निम्मा मुरतो. शरीर शिशाला कॅल्शियम समजून फसते व हाडांत साठवून ठेवते. रक्तातले शिसे महिना-दीड महिन्यात निम्मे होते, हाडांतले मात्र वर्षानुवर्षे राहते, आणि मुलगी पुढे गरोदर झाली म्हणजे गर्भापर्यंत पोचते. ज्या मुलाच्या आहारात लोह व कॅल्शियम कमी, त्याचे आतडे शिसे अधिकच अधाशीपणाने ओढून घेते. म्हणजे कुपोषित मुलाला दुहेरी मार. आणि रांगणाऱ्या मुलाचा तळहात सारवलेल्या जमिनीवर, उंबऱ्यावर, बापाच्या कामाच्या कपड्यांवर फिरतो तो थेट तोंडात जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या दुसऱ्या फेरीत, १९९८-९९ साली, मुंबई व दिल्ली येथील तीन वर्षांपर्यंतच्या मुलांचे रक्त तपासण्यात आले. त्यांपैकी सुमारे तीनचतुर्थांश मुलांच्या दर शंभर मिलिलिटर रक्तात ५ ते २० मायक्रोग्रॅम शिसे होते. आणि तीन महिन्यांच्या आतील बाळांपेक्षा एक ते दोन वर्षांच्या मुलांत ते सुमारे अडीचपट निघाले. म्हणजे मूल हिंडूफिरू लागते, नेमक्या त्याच वयात.

मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते शिशाची निर्धोक अशी मात्राच नाही. तथापि दर शंभर मिलिलिटरला ५ मायक्रोग्रॅम आढळताच विषाचा उगम शोधावयास लागावे, असे ती सांगते. दोन वर्षांच्या मुलाच्या सगळ्या रक्तात मिळून हे शिसे चाळीस-पंचेचाळीस मायक्रोग्रॅम भरेल. मिठाचा एक बारीक कण याहून जड असतो! आणि खऱ्या शेंदरात वजनाच्या नव्वद टक्के शिसेच असते. बाजारातला सगळाच शेंदूर आज खरा नसतो, काही नुसता रंग असतो. पण डबीकडे पाहून तो ओळखता येत नाही. भाळी व भांगात भरावयाच्या सिंदुराचीही तीच कथा. अमेरिकेतील दुकानांतून आणि आपल्या देशातून मिळून ११८ नमुने तपासले गेले, त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले. तिकडच्या ८३ टक्के व इकडच्या ७८ टक्के नमुन्यांत शिसे होते. परदेशी गेलेल्या सुनेच्या पेटीतून ही डबी समुद्रापलीकडेही पोचली आहे.

या विषाविरुद्ध काहीच झालेले नाही असे मात्र कोणी समजू नये. १ फेब्रुवारी २००० पासून आपल्या देशात शिसेविरहित पेट्रोलच विकले जाते. घरगुती रंगांत दर दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक शिसे असू नये, हा नियम नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्यापूर्वी दिलेला रंग मात्र दारा-खिडक्यांवर आहेच, आणि तो खरवडताना उडणारी धूळ सर्वांत वाईट. हळदीच्या बाबतीत बांगलादेशाचा धडा घेण्याजोगा आहे. तेथे २०१९ साली हळदीच्या ४७ टक्के नमुन्यांत शिसे निघाले. सरकारने व शास्त्रज्ञांनी वर्तमानपत्रांतून लोकांना सावध केले, बाजारात जागच्या जागी तपासणी करून दंड ठोठावले, आणि २०२१ साली शिसे असलेला नमुना एकही सापडला नाही. सांगली आणि वसमत ज्यांची, त्या आम्हां महाराष्ट्रीयांना हळदीविषयी इतकी दक्षता जड जाऊ नये.

औषधोपचाराचे काय, असे कोणी विचारील. शिसे अत्यंत वाढले असता ते बाहेर काढणारी औषधे आहेत व ती जीव वाचवितात. परंतु मध्यम प्रमाणात शिसे असलेल्या ७८० मुलांवर अमेरिकेत असे औषध योजून पाहिले, तेव्हा २००१ साली असे दिसले की, रक्तातले शिसे उतरले, पण बुद्धीत झालेली तूट काही भरून निघाली नाही. म्हणून या रोगात वैद्याचे काम थोडे आणि आरोग्यसेवकाचे फार. त्याने मुलाचे बोट साबणाने स्वच्छ धुऊनच रक्ताचा थेंब घ्यावा, नाहीतर बोटावरचीच धूळ मोजली जाते. मग त्या घरात जाऊन बसावे. स्वयंपाक कोणत्या भांड्यात होतो, कल्हई कोणाकडून करून घेतली, मूल कोठे रांगते, डोळ्यांत सुरमा घालतात काय, कोणते भस्म चाटवतात, घरातला पुरुष काय काम करतो, हे विचारावे. आणि विचारताना आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. आम्हांला वाटते, या कामातील निम्मे अपयश त्या एका चुकीने येते. ज्या बाईने देवाचा अंगारा म्हणून श्रद्धेने मुलाच्या कपाळी बोट टेकविले, तिला 'तू विष दिलेस' असे म्हटले की ते दार आपल्याला पुन्हा उघडत नाही.

म्हणून आजींना आम्ही शेंदूर सोडा म्हटले नाही. मारुतीला लावा, पण बाळाच्या कपाळी नको. डबी देव्हाऱ्याच्या वरच्या फळीवर ठेवा. शेंदूर लावला की हात साबणाने धुवा. जमीन कोरड्या केरसुणीने झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसा. पोराला नाचणी, तीळ, शेवग्याचा पाला द्या, एवढेच सांगितले. त्यांनी ऐकून घेतले. डबी वरही ठेवली. मग म्हणाल्या, "माझं मी केलं. पण त्या मागच्या पत्र्याच्या शेडचं काय? तिथं बॅटऱ्या फोडतात, अन् पोरं तिथंच खेळतात."

हे आम्हांला ठाऊक नव्हते. ट्रॅक्टरच्या किंवा इन्व्हर्टरच्या एका बॅटरीत कित्येक किलो शिसे असते, आणि ते ३२७ अंश उष्णतेला, म्हणजे साध्या भट्टीवरही वितळते. फोडलेल्या बॅटरीचे पाणी मातीत मुरते, वितळलेल्या शिशाची धूळ शेजारच्या अंगणात उतरते, आणि ती माती हलविल्यावाचून तेथील मुलांचे रक्त निवळत नाही. २०२२ सालच्या नियमांप्रमाणे जुनी बॅटरी परत जमा करून घेण्याची जबाबदारी ती बनविणाऱ्यावर आहे व ती फोडण्याचे काम नोंदणी झालेल्या कारखान्यातच व्हावयास हवे. शेडवाल्या भाऊंना हे नियम सांगितले, तेव्हा ते म्हणाले, "साहेब, भंगारवाला रोख पैसे देतो. कारखाना कुठं आहे ते सांगा, अन् तिथं न्यायचा टेम्पो कोण देतो तेही सांगा." त्यांची स्वतःची दीड वर्षाची मुलगी दारातच बसली होती. तिचे रक्त आम्ही त्याच दिवशी घेतले, आणि टेम्पोचा प्रश्न घेऊन ग्रामपंचायतीत गेलो.