सनद आणि सचोटी

मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सुरू झाले आणि सहा जिल्ह्यांतील पक्षकारांची मुंबईची वारी टळली. कायद्याच्या शिक्षणाकडे येथील तरुणांचा ओढा त्यामुळे वाढणे स्वाभाविक आहे. मात्र या तरुणांना न्यायापेक्षा पैशाचीच ओढ अधिक, असा आक्षेप वडीलधारी मंडळी घेतात. तो सर्वस्वी न्याय्य नाही.

प्रश्न नीतीचा आहे, तितकाच निर्वाहाचाही आहे. सनद मिळाल्यानंतरची पहिली काही वर्षे ज्येष्ठांच्या हाताखाली अत्यल्प, पुष्कळदा शून्य मोबदल्यावर काढावी लागतात. घरची बागायत ज्याच्या पाठीशी आहे, त्याला हा काळ निभावतो. शेतमजुराच्या मुलाला तो निभावत नाही. म्हणजे गरिबाचे दुःख जो जवळून जाणतो, तोच या व्यवसायातून आधी गळतो. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये विद्यावेतन देण्याची शिफारस केली. परंतु ती केवळ शिफारसच होती, बंधन नव्हे.

राजर्षी शाहू महाराजांनी अस्पृश्य समाजातील तरुणांना वकिलीच्या सनदा दिल्या. पण त्याआधी, १९०१ पासूनच, त्यांनी या नगरीत वसतिगृहांचा पाया घातला होता. संधीला निर्वाहाची जोड हवी, हे त्यांनी ओळखले होते. आज वकील संघटनांनी कनिष्ठांसाठी विद्यावेतन निधी उभारणे, हेच त्या परंपरेला साजेसे ठरेल. नीतीचे पाठ महाविद्यालय देईल. ते आचरण्याची ऐपत मात्र समाजानेच पुरविली पाहिजे.