कातडीखालचें औषध आणि दारूचें व्यसन



दारूच्या आहारीं गेलेल्या माणसाच्या पोटाच्या कातडीखालीं औषधाच्या गोळ्या पुरल्या, कीं तो कित्येक महिने पेल्यास शिवत नाहीं, अशी समजूत पोलंड, रशिया आदि देशांत दीर्घकाळ रूढ आहे. ती कितपत खरी, हें आज पाहूं.

औषधाचें नांव डायसल्फिराम. कोपनहेगनच्या हाल्ड व याकोब्सेन या संशोधकांनीं त्याचा गुण १९४८ सालीं प्रसिद्ध केला. शरीरांत दारूपासून अॅसिटाल्डिहाइड नांवाचें विषारी द्रव्य बनतें व यकृतांतील एक एन्झाइम त्याचा निचरा करतें. डायसल्फिराम या एन्झाइमास निकामी करतें. मग तें विष रक्तांत सांचतें. चेहरा लाल होतो, छाती धडधडते, ओकाऱ्या होतात, प्रसंगीं प्राणावरही बेततें.

रोजच्या गोळीची टाळाटाळ होते, म्हणून ती पुरण्याची युक्ति निघाली. परंतु साधें अंकगणित करून पाहा. तोंडानें घ्यावयाची नेहमींची मात्रा दिवसास २५० मिलिग्रॅम. पुरतात त्या बहुधा १०० मिलिग्रॅमच्या ८ ते १० गोळ्या. म्हणजे फार तर चार दिवसांची शिदोरी! ती सहा महिने पुरवावयाची, तर दिवसाच्या वांट्यास सुमारें साडेपांच मिलिग्रॅम येतात.

नॉर्वेंतील संशोधकांनीं कांहीं रुग्णांना खऱ्या, तर कांहींना औषधहीन गोळ्या पुरून तुलना केली व १९९१ सालीं ती प्रसिद्ध केली. दोन्ही गटांचें पिणें कमी झालें; दोहोंत लक्षणीय अंतर आढळलें नाहीं. अर्थात् गुण आला तो मुख्यतः धाकानें व रुग्णाच्या निश्चयानें. असा धाक एका घोटांत संपतो, कारण पिऊनही कांहीं झालें नाहीं, हें त्यास कळतें. शिवाय जखम चिघळण्याचें भय आहेच.

त्यापेक्षां डॉक्टरांनीं यकृत व हृदय तपासून दिलेली गोळी रोज घरच्या माणसासमोर घेणें अधिक गुणकारी ठरलें आहे. नाल्ट्रेक्सोन हें निराळें औषध पिण्याची ओढ कमी करतें. त्याच्या महिन्यांतून एकदां टोंचावयाच्या इंजेक्शनास अमेरिकेंत २००६ सालीं मान्यता मिळाली.

शेवटीं एक विनंति. गांजलेल्या कुटुंबास डायसल्फिरामची गोळी चहांत वा भाजींत गुपचूप मिसळण्याचा मोह होतो. तो कटाक्षानें टाळावा. नकळत औषध पोटांत गेलेला माणूस नेहमींप्रमाणें पितो आणि जिवास मुकण्याचा प्रसंग येतो. औषध त्याच्या संमतीनेंच द्यावें, आणि तें घेतांना रोज त्याच्याजवळ बसावें.