ओल्या हवेत मिग-२१

पोफळीत, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी, पावसाळ्यात डब्यातला पापडही सादळतो. अशा हवेत प्लॅस्टिकचं विमान जोडायला बसणाऱ्याची हौस दांडगीच म्हणायची.

मिग-२१चंच घ्या. सोव्हिएत परवान्याने ही विमानं नाशिकजवळच्या ओझरला एचएएलने बांधली. खऱ्या विमानाच्या पंखांचा पसारा ७.१५ मीटर, १:७२ प्रमाणाच्या किटमध्ये जेमतेम १० सेंटिमीटर.

पहिली कटकट सांध्याची. धड दोन उभ्या फाकांत येतं. किटचा खास गोंद पॉलिस्टायरिन किंचित विरघळवून दोन्ही कडा एकजीव करतो. जास्त लागला की कड पाघळते, कमी लागला की फट राहते. मग पुट्टी, ओला पॉलिशपेपर, पुन्हा पुट्टी. या घासाघाशीत पत्र्यांच्या जोडाच्या कोरीव रेघा पुसल्या जातात. त्या सुईने परत कोरणं हे सगळ्यात वैतागाचं काम, आणि किटच्या कागदावर त्याचा उल्लेखही नसतो.

दमटपणाचा खरा दणका रंगाला. लॅकरमधलं थिनर उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतलं बाष्प धरतं आणि चकचकीत रंग दुधाळ होतो. सुपरग्लूची वाफही कॅनॉपीच्या पारदर्शक प्लॅस्टिकवर पांढरी बसते, ओल्या हवेत अधिकच. तिथे लाकडाचा पांढरा गोंदच बरा. सुकला की दिसत नाही.

धड बंद करण्याआधी नाकात वजन घाला. गळाचं शिसं चालतं. नाहीतर तीन चाकांवरचं विमान शेपटीवर बसतं.