धरणी हादरली तर आपली मुले काय करतील?

मागच्या महिन्यातली गोष्ट. आमच्या चाळीत शेजारच्या खोलीत सहावीत शिकणारी एक मुलगी राहते. संध्याकाळी ती शाळेतून आली, दप्तर खाली टाकले आणि धाकट्या भावाला हाताला धरून थेट टेबलाखाली शिरली. "डोकं झाक! टेबलाचा पाय धर! सोडू नको!" असे ती त्याला ओरडून सांगत होती. आजी मेथी निवडत बसली होती. ती रागावली, "अगं, हे काय खूळ? कपडे मळतील ना!" नात म्हणाली, "खूळ नाही आजी. बाईंनी आज भूकंपाचा सराव घेतला. घरी जाऊन सगळ्यांना शिकवा म्हणाल्या."

भूकंप हा शब्द ऐकला आणि आजीचा हात थांबला. आजी मूळची उमरगा तालुक्यातली. ती हळू आवाजात सांगू लागली, "आमच्याकडं आदल्या सालीच जमीन गुरगुरत होती. चार दिवस अंगणात निजलो. थंडी पडली तसं पुन्हा आत गेलो. काय करायचं, कुनाला इचारायचं, कायबी ठावं नव्हतं." एवढे बोलून ती गप्प झाली. थोड्या वेळाने नातीला म्हणाली, "दाव पुन्हा. मला बी दाव."

वाचकहो, या आजीच्या दोन शब्दांतच या लेखाचे सार आहे. ज्या घरात मोठ्या माणसांना कुणी काही शिकवले नाही, त्या घरात आज शाळेत जाणारे लेकरू शिकवू शकते. फक्त शाळेने त्याला शिकवले पाहिजे आणि घरच्यांनी त्याचे ऐकले पाहिजे.

किल्लारीने काय शिकवले?

२९ सप्टेंबर १९९३ रोजी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून गावे उशिरा झोपली. ३० तारखेला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर जिल्ह्यातील किल्लारी आणि शेजारच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यातील सास्तूर हा सारा परिसर हादरला. धक्का ६.२ तीव्रतेचा होता. काही सेकंदांत गावेच्या गावे जमीनदोस्त झाली. आठ ते दहा हजार माणसे झोपेतच गेली. पुढे ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली.

एवढी माणसे का गेली? जगात याहून मोठे भूकंप झाले आणि तिथे इतकी माणसे मेली नाहीत, असेही घडले आहे. कारण घरांत होते. दोन-दोन फूट रुंदीच्या, मातीत रचलेल्या दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद. दर पावसाळ्याआधी माळवदावर नवी माती टाकायची, तसे त्याचे ओझे वाढतच गेले. जमीन हलली तेव्हा दगड सुटले आणि ते सारे ओझे झोपलेल्या माणसांवर आले. उलट कुडाच्या भिंती आणि गवताचे छप्पर असलेल्या हलक्या झोपड्या पुष्कळ ठिकाणी तगून राहिल्या. गावाबाहेर राहणाऱ्या गरिबाच्या ज्या खोपटाला गावाने कधी घर म्हटले नाही, त्याने त्या पहाटे आतल्या माणसांना जीवदान दिले.

पण म्हणून आपण निश्चिंत राहावे असे नाही. आज आपली वस्ती कुडाची राहिलेली नाही. चार इंची विटांच्या भिंती, त्यावर स्लॅब, त्यावर आणखी एक खोली, आत पोटमाळा आणि पोटमाळ्यावर सामानाचे ढीग, असे आपले घर झाले आहे. वर मजला चढवण्यापूर्वी खालच्या भिंती ते ओझे पेलतील का, हे जाणत्या माणसाला विचारलेच पाहिजे. भूकंप माणसाला मारत नाही, पडणारे घर मारते.

"आपल्याकडे कुठला भूकंप?"

असे म्हणणारे आपल्यात पुष्कळ आहेत. किल्लारीची माणसेही असेच समजत होती. तेव्हाच्या सरकारी नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ साली नकाशा नव्याने आखला तेव्हा तो सर्वांत कमी धोक्याचा पट्टाच काढून टाकण्यात आला. त्याआधी ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनानगर हादरले होते आणि सुमारे १८० माणसे दगावली होती. नोव्हेंबर २०१८ पासून पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागात धक्क्यांची मालिका सुरू झाली आणि आदिवासी पाड्यांवरच्या लोकांना थंडीच्या रात्री घराबाहेर काढाव्या लागल्या. २०२४ च्या मार्चमध्ये आणि पुन्हा जुलैमध्ये हिंगोली, नांदेड, परभणीच्या लोकांना पहाटे-सकाळी घराबाहेर यावे लागले. हे सारे आपल्याच महाराष्ट्रातले आहे.

शेषनागाने फणा हलवला, पाप वाढले म्हणून धरणी कोपली, असे अजूनही काही घरांत मुलांना सांगितले जाते. मुलांना खरे कारण सांगा. पृथ्वीचे कवच अखंड नाही. ते मोठमोठ्या तुकड्यांचे बनले आहे आणि हे तुकडे फार संथपणे सरकत असतात. आपला भारताचा तुकडा वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर उत्तरेकडे सरकून आशियाला रेटतो आहे. त्या रेट्याचा ताण आपल्याखालच्या खडकांतही साठतो. जिथे खडक कमजोर असतो तिथे तो अचानक सरकतो आणि जमीन हलते. हा कुणाचा कोप नाही, कुणाला शिक्षाही नाही. मात्र तो कोणत्या दिवशी, किती वाजता होणार हे आज जगातला कोणताही शास्त्रज्ञ आधी सांगू शकत नाही. म्हणून "आज रात्री भूकंप येणार" असा निरोप मोबाईलवर आला तर तो पुढे पाठवू नये. रोजची तयारी हाच एक उपाय आहे.

मुलांच्या दोन कहाण्या

२६ जानेवारी २००१. प्रजासत्ताक दिन. गुजरातमधील कच्छ जिल्ह्यातील अंजार गावात शाळकरी मुलांची फेरी जुन्या वस्तीतल्या अरुंद गल्लीतून चालली होती. सकाळी ८ वाजून ४६ मिनिटांनी जमीन हलली. गल्लीच्या दोन्ही बाजूंची घरे कोसळली. १८५ मुले आणि २० शिक्षक त्या ढिगाऱ्याखाली गेले. २०२२ साली तिथे त्यांचे स्मारक उभे राहिले. ती मुले शाळेच्या इमारतीत नव्हती, उघड्यावर होती. पण अरुंद गल्ली म्हणजे मोकळी जागा नव्हे. एवढा एक धडा जरी आपण घेतला, तरी आपल्या वस्तीतल्या बोळांकडे आपण वेगळ्या नजरेने पाहू.

दुसरी कहाणी जपानची. ११ मार्च २०११ रोजी दुपारी तिथे प्रचंड भूकंप झाला आणि मागोमाग त्सुनामी लाटा आल्या. कामाईशी नावाच्या गावातल्या मुलांना काही वर्षांपासून शाळेत शिकवले जात होते की धक्का थांबताच उंच जागेकडे पळायचे, कुणाची वाट पाहायची नाही. मोठ्या शाळेची मुले धावत सुटली. त्यांना पाहून शेजारच्या प्राथमिक शाळेची मुलेही निघाली. मोठ्यांनी लहानांचे हात धरले. ठरवलेल्या जागी पोचल्यावर तीही पुरेशी उंच वाटेना, तेव्हा ती सारी आणखी वर गेली. गावातल्या शाळांमधली सुमारे ३ हजार मुले वाचली. तिथे दरवर्षी १ सप्टेंबर हा दिवस १९२३ च्या मोठ्या भूकंपाची आठवण ठेवून आपत्तीच्या सरावासाठी पाळतात. त्या मुलांचे पाय सरावाने तयार झाले होते.

मुलांना हे पाठ करून घ्या

१. वर्गात असताना जमीन हलली तर पळापळ करू नये. गुडघ्यांवर खाली बसावे, बाकाखाली शिरावे, एका हाताने डोके व मान झाकावी, दुसऱ्या हाताने बाकाचा पाय घट्ट धरावा. बाक नसेल तर आतल्या भिंतीशी बसून दप्तर डोक्यावर धरावे.

२. खिडकी, काच, लोखंडी कपाट, फळा आणि पंखा यांपासून दूर राहावे.

३. हलणे थांबल्यावर बाईंच्या सांगण्याप्रमाणे रांगेने मैदानात जावे. जिन्यात ढकलाढकली करू नये. लिफ्ट वापरू नये. वस्तू आणायला मागे फिरू नये.

४. घर दगडमातीचे असेल, आपण दाराजवळ असू आणि समोर मोकळे अंगण असेल तरच चटकन बाहेर पडावे. पक्क्या इमारतीत, वरच्या मजल्यावर असू तर जागीच डोके सांभाळावे. फेब्रुवारी २०१९ मध्ये डहाणू भागात धक्क्यानंतर घराबाहेर पडण्याच्या धांदलीत पडून दोन वर्षांच्या एका मुलीचा जीव गेला, हे विसरू नये.

५. रस्त्यात असू तर भिंती, विजेचे खांब, तारा आणि मोठ्या पाट्या यांपासून दूर मोकळ्यावर थांबावे.

६. एका धक्क्यानंतर पुन्हा धक्के बसतात. तडे गेलेल्या घरात लगेच शिरू नये.

आईवडिलांनी काय करावे?

आपल्या घरांत आई-वडील दोघेही कामावर असतात. दुपारी घरात लहान भावंडांना सांभाळणारे दहा-बारा वर्षांचे पोर असते. म्हणून त्याला गॅसचा रेग्युलेटर बंद करायला आणि विजेचा मेन स्विच पाडायला आजच शिकवा. धक्क्यानंतर काडी पेटवू नको, दिवा लावू नको, हे बजावून सांगा. घरातली सुरक्षित जागा आणि बाहेर सगळ्यांनी जमायची जागा ठरवून ठेवा. समाजमंदिराचे पटांगण किंवा शाळेचे मैदान, काहीही चालेल. पण ते सर्वांना माहीत हवे. मांडणीच्या वरच्या फळीवरचे हंडे-पातेली खाली घ्या. कपाट भिंतीला पट्टीने ठोकून घ्या. जिथे डोके ठेवून झोपता तिथे वर जड वस्तू ठेवू नका. ११२ हा आपत्कालीन मदतीचा आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक मुलांकडून तोंडपाठ करून घ्या. आपला मोबाईल नंबर आणि पत्ता एका कागदावर लिहून दप्तरात ठेवा.

शाळेला विचारा, घाबरू नका

२०१८ साली आलेल्या दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'आपत्ती व्यवस्थापन' हा धडा घातला गेला. चांगले झाले. पण आपल्यातली कितीतरी मुले-मुली दहावीपर्यंत पोचण्याआधीच शाळा सोडून कामाला लागतात. त्यांना हा धडा कधी मिळणार? तो पहिलीपासूनच, पुस्तकाने नव्हे तर सरावाने मिळाला पाहिजे.

इथे पालकांच्या हातात एक हक्क आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी, महापालिकेच्या आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती नेमायला सांगितले आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल घटकांनाही जागा असावी, असे कायदा म्हणतो. ही जागा नुसती सही करण्यासाठी नाही. पुढच्या सभेला जा आणि तीन प्रश्न विचारा. आमच्या मुलांचा भूकंपाचा सराव वर्षातून किती वेळा होतो? शाळेच्या इमारतीची तपासणी शेवटची कधी झाली? शाळा भरलेली असताना मागचे फाटक कुलूपबंद असते का? एकट्याने विचारायला संकोच वाटत असेल तर चार आयाबायांनी मिळून विचारा. उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा.

आणि येत्या रविवारी घरातल्या शाळकरी मुलाला गुरुजी करा. तो सांगेल तसे खाली बसा, डोके झाका, टेबल धरा. पाच मिनिटे लागतील. शेजारची आजी पासष्टीच्या पुढची आहे, गुडघे दुखतात, तरी नातीबरोबर ती तीनदा टेबलाखाली बसली. तिसऱ्या वेळी बाहेर येताना ती नातीला म्हणाली, "आता तुझ्या आईला शिकव. ती कामावरून आली की पयलं हेच."