गणवेश एक, झेंडे अनेक!

परिचारिकांना संघटनेची गरज आहे का? असल्यास एकाच रुग्णालयात तीन-तीन संघटना कशासाठी? जयपूरच्या परिचारिकांत चालणारा हा वाद प्रत्येक रुग्णाच्या घरापर्यंत पोहोचतो.

जयपूरचे सवाई मानसिंह रुग्णालय म्हणजे राजस्थानचा आधारवड. बाडमेरपासून भरतपूरपर्यंतचे रुग्ण येथे येतात. दुपारी पाळी बदलते. एक परिचारिका रुग्णांची नोंदवही दुसरीच्या हाती देते, सलाईन कुणाचे संपत आले आहे ते सांगते आणि मग दोघी चहाच्या टपरीकडे वळतात. तेथे पगार, बढती आणि बदली यांच्यावर बोलणे निघाले की शेवटी गाडी एकाच ठिकाणी येऊन थांबते : वर्गणी भरायची ती कोणत्या संघटनेची?

वाद जुनाच आहे. एका पक्षाचे म्हणणे असे की संघटना हवीच. एकटी परिचारिका अधिकाऱ्यासमोर उभी राहिली तर तिची बदली दूरच्या गावी होते. हजारजणी उभ्या राहिल्या तर तिचे ऐकून घ्यावे लागते. दुसऱ्या पक्षाला हे सारे पोकळ वाटते. पुढारी वर्गणी गोळा करतात, मंत्र्यांना हार घालतात, स्वतःच्या सोयीच्या नेमणुका मिळवतात आणि रात्रपाळीत पन्नास रुग्ण सांभाळणारी मात्र होती तेथेच राहते, असा तिचा अनुभव असतो.

दोन्ही बाजूंत तथ्य आहे. म्हणूनच हा प्रश्न नीट तपासायला हवा.

एकजुटीचे मोल

संघटनेने काय साधते, याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच आहे. जे. जे. रुग्णालयातील दोन वॉर्ड-सेविकांना १९५० च्या दशकात नोकरीवरून काढून टाकण्यात आले. नुकसानभरपाई मिळाली नाही. तुटपुंज्या पगारावर काम करणाऱ्या या बायका सरकारशी काय लढणार? परंतु ‘हॉस्पिटल मजदूर सभा’ त्यांच्या पाठीशी उभी राहिली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि १९६० साली निकाल लागला : रुग्णालय हाही कायद्याच्या दृष्टीने ‘उद्योग’ आहे, कामगार कायद्याचे संरक्षण तेथील कर्मचाऱ्यांनाही मिळाले पाहिजे. पुढे १९७० साली न्यायालयाने ही भूमिका बदलली, पण १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा खटल्यात ती पुन्हा मान्य झाली. दोन सेविकांच्या नोकरीपासून सुरू झालेली लढाई देशभरातील रुग्णालय-कर्मचाऱ्यांच्या उपयोगी पडली.

दुसरे उदाहरण मनाला चटका लावणारे आहे. १९७३ साली केईएम रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर एका सफाई कर्मचाऱ्याने अमानुष अत्याचार केला. कपडे बदलण्यासाठी ती तळघरात गेली होती. त्यानंतर मुंबईतल्या परिचारिकांनी संप केला. अरुणाची नीट काळजी घ्या आणि आम्हाला सुरक्षितपणे काम करू द्या, ही त्यांची मागणी होती. पुढे १९८० च्या दशकात महापालिकेने अरुणाला रुग्णालयाबाहेर हलवण्याचे प्रयत्न केले, तेव्हाही परिचारिकांनी विरोध करून ते हाणून पाडले. २०१५ साली तिचा मृत्यू होईपर्यंत, सुमारे ४२ वर्षे, केईएमच्या परिचारिकांनीच तिला सांभाळले. एकजूट म्हणजे केवळ पगारवाढ नव्हे, हे याहून चांगले कोण सांगणार?

खाजगी रुग्णालयांत तर संघटनेची गरज आणखी जाणवते. केरळमध्ये २०११ साली ‘युनायटेड नर्सेस असोसिएशन’ उभी राहिली. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून केंद्राने समिती नेमली. पन्नासहून कमी खाटांच्या खाजगी रुग्णालयातही परिचारिकेला दरमहा किमान २०,००० रुपये मिळावेत, अशी शिफारस तिने केली. केरळच्या परिचारिका २०१७ साली रस्त्यावर उतरल्या आणि २०१८ साली तेथे हाच आकडा किमान वेतनाच्या अधिसूचनेत आला. शिफारस सगळ्या देशासाठी होती, पण कागदावरचा आकडा पदरात पाडून घेण्यासाठी मागे रेटा लागतो.

मग भांडण कशाचे?

राजस्थानात संघटनांची वाण नाही. ‘राजस्थान नर्सेज असोसिएशन’ आहे, ‘राजस्थान नर्सेज युनियन’ आहे आणि ‘राजस्थान राज्य नर्सेज असोसिएशन (एकीकृत)’ही आहे. गंमत पाहा, ‘एकीकृत’ हा शब्द ज्या संघटनेच्या नावात आहे, तीसुद्धा अनेकांतली एक!

अशी फाटाफूट का होते? पहिले कारण कायद्यातच आहे. १९२६ च्या ट्रेड युनियन कायद्याने सातजण एकत्र येऊन संघटना नोंदवू शकत होते. २००१ साली त्यात दुरुस्ती झाली आणि कामगारांपैकी किमान दहा टक्के किंवा शंभर, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे सभासद आवश्यक ठरले. हा अडथळा काही मोठा नाही. निवडणुकीत हरलेला गट दुसऱ्या दिवशी नवी पाटी लावू शकतो.

दुसरे कारण परिचारिकांच्या परिस्थितीत आहे. एकाच वॉर्डात कायम नोकरीवाली, कंत्राटी आणि ‘अर्जंट टेम्पररी’ तत्त्वावर नेमलेली अशा तिघी एकच काम करतात. पहिलीला बढती हवी, दुसरीला कायम नोकरी हवी, तर तिसरीला पुढच्या महिन्यात आपण असू की नाही याचीच चिंता. प्रत्येकीला आपले दुःख आधी मांडणारा पुढारी जवळचा वाटतो.

राजस्थानची आणखी एक तऱ्हा म्हणजे येथे पुरुष परिचारकांची संख्या बरीच आहे. खेडोपाडी लोक त्यांना अजून ‘कंपाउंडरसाहेब’ म्हणतात. सभा-बैठकांना वेळ देणे त्यांना सोपे जाते. रात्रपाळी करून घरी जाऊन मुलांचे डबे भरणाऱ्या सिस्टरला ते जमत नाही. मग पाळणाघर, रात्रीची ने-आण, कपडे बदलण्याची सुरक्षित खोली हे विषय मागण्यांच्या यादीत तळाशी जातात.

फुटीचा लाभ कुणाला?

संघटनांत चढाओढ असेल तर निदान पुढारी जागे राहतील, असे काहीजणी म्हणतात. त्यात अर्थ आहे. एकच संघटना असेल आणि तिच्या निवडणुकाच होत नसतील, तर ती पुढाऱ्याची जहागीर बनते. परंतु स्पर्धा काम करण्याची असावी, एकमेकींचा संप फोडण्याची नव्हे. एक गट काळ्या फिती लावतो, दुसरा त्याच दिवशी सत्कार-समारंभ ठेवतो. अशा वेळी प्रशासन निवांत असते. ज्याच्याशी बोलणे सोपे, त्याच्याशी ते बोलते.

हे राजस्थानच्या परिचारिकांनाही उमगले. २०२३ च्या जुलै-ऑगस्टमध्ये, विधानसभा निवडणुकीच्या आधी, ‘राजस्थान नर्सेज संयुक्त संघर्ष समिती’ या नावाखाली त्या एकत्र आल्या. मागण्यांची अकरा कलमी यादी तयार झाली. वेतनातील तफावत, वेळेवर बढती, कंत्राटींना कायम करणे, नर्सिंगसाठी वेगळे संचालनालय असे विषय त्यात होते. धरणे झाले आणि जयपुरात मोर्चाही निघाला. वेगवेगळ्या पाट्यांखाली जे जमत नव्हते, ते एका यादीने जमले : परिचारिकांना नेमके काय हवे, हे सरकारला एका आवाजात ऐकू आले.

कोण कुणाचे प्रतिनिधी, हे ठरवण्याचे मार्गही आहेत. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात मान्यतेसाठी किमान तीस टक्के सभासदसंख्येची अट होती. नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या केंद्राच्या औद्योगिक संबंध संहितेत ५१ टक्के पाठिंबा असलेली संघटना वाटाघाटी करते. तशी कोणी नसेल तर किमान वीस टक्केवाल्या संघटनांची मिळून परिषद बनते. सरकारी नोकरांचे सेवानियम वेगळे असले, तरी यातले तत्त्व साधे आहे : आधी डोकी मोजा, मग एकाच टेबलाशी बसा.

रुग्णाचे काय?

संपाचे नाव निघताच घरच्यांच्या पोटात गोळा येतो. तो स्वाभाविक आहे. सरकारी कर्मचाऱ्यांना संपाचा मूलभूत हक्क नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली म्हटले आहे. तातडीचा विभाग, प्रसूतिगृह आणि अतिदक्षता विभाग चालू ठेवूनच आंदोलन व्हावे, अशी अपेक्षा आपण केलीच पाहिजे.

पण दुसरी बाजूही पाहावी. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांप्रमाणे अध्यापन रुग्णालयात तीन रुग्णांमागे आणि सामान्य रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका हवी. आपल्या आईच्या खाटेशेजारी रात्री बसलेल्यांनी स्वतःच मोजून पाहावे, की तेथे किती रुग्णांमागे एक होती! रिकाम्या जागा भरा, ही परिचारिकांची मागणी म्हणजे आपल्याच रुग्णासाठी केलेली मागणी असते.

म्हणून परिचारिकांनी संघटनेकडे पाठ फिरवू नये. वर्गणी जरूर भरावी, पण वर्षाचा हिशेब मागावा. निवडणूक गुप्त मतदानाने व्हावी, असा आग्रह धरावा. कार्यकारिणीत बायकांना आणि कंत्राटी भगिनींना जागा मिळावी, बैठका पाळ्यांच्या सोयीने ठेवाव्यात. संघटना दोन असोत की चार, सरकारकडे जाताना मागण्यांची यादी एकच असावी.

वॉर्डात पाळी बदलताना नोंदवही ज्या विश्वासाने एकीकडून दुसरीकडे जाते, तो विश्वास वॉर्डाबाहेरही टिकला, तर झेंडा कोणता हा प्रश्न फारसा उरणार नाही.