गाडी किती उभी होती, ते विचारा

इथल्या महाराष्ट्र मंडळात साठीच्या आसपासची चार माणसं एकत्र बसली की हल्ली दोनच विषय निघतात. गुडघे आणि आरव्ही. मुलं मार्गी लागलेली असतात. तीस वर्षं अमेरिकेत काढूनही यलोस्टोन आणि ग्रँड कॅन्यन पाहिलेलं असतं ते भारतातून आलेल्या पाहुण्यांबरोबर, धावतपळत, घड्याळाकडे बघत. आता वेळ आहे. मग कोणीतरी म्हणतं, "एक मोटरहोम घेऊन टाकावं. स्वयंपाकघर बरोबर, अंथरूण बरोबर, संडास बरोबर!" नव्या डिझेल मोटरहोमची किंमत ऐकली की चहाचा कप खाली ठेवावा लागतो, म्हणून सगळ्यांची नजर जुन्याकडे वळते.

मी आणि माझी पत्नी डॅलसजवळ राहतो. असंच जुनं डिझेल मोटरहोम शोधत आम्ही आठ महिने हिंडलो. निवृत्तीच्या पुंजीतले सत्तर हजार डॉलर बाजूला काढले होते आणि त्यात गाडी, कर, दुरुस्ती सगळं बसलं पाहिजे, हे घरी ठरलेलं होतं. या वयात एवढे पैसे चुकीच्या गाडीत अडकले, तर ते भरून काढायला पुढे पगार नाही. आणि हिची एक वेगळीच अट होती. "भर उन्हात रस्त्याच्या कडेला एकदा जरी बसायला लागलं, तर मी परत त्या गाडीत चढणार नाही." त्यामुळे गाड्या जरा डोळ्यांत तेल घालून पाहिल्या. विचारणारे बरेच भेटतात, म्हणून हे सविस्तर लिहितो.

आधी थोडी ओळख. इथे 'डिझेल पुशर' म्हणतात ती गाडी म्हणजे बससारखी सपाट तोंडाची, इंजिन मागे असलेली, एअर ब्रेक लावलेली. तिचे खरं तर दोन जन्मदाते असतात. खालची चासी, इंजिन आणि चाकं एक कंपनी बनवते. वरचं घर दुसरी कंपनी बांधते, बहुतेक वेळा इंडियाना राज्यातल्या एल्कहार्ट परिसरात. त्यामुळे गाडी घरासाठी २००७ची आणि चासीसाठी २००६ची असू शकते, आणि दोघांची कागदपत्रं, दोघांचे रिकॉल वेगवेगळे. २००९च्या मंदीत फ्लीटवुड आणि मोनॅको या दोन मोठ्या घरबांधणाऱ्या कंपन्यांनी दिवाळखोरीचा अर्ज केला. ही नावं नंतर दुसऱ्या मालकांकडे गेली, पण व्यवहारात अर्थ असा, की त्या काळातल्या गाडीच्या इंजिनाचा फिल्टर कुठल्याही ट्रकच्या दुकानात मिळेल, पण खिडकीच्या तुटलेल्या मुठीसाठी जुन्या सामानाच्या दुकानांत वणवण करावी लागेल.

इंजिनाची भीती लोकांना उगाच जास्त वाटते. या गाड्यांत बहुतेक करून कमिन्सचं इंजिन असतं, काहींत कॅटरपिलरचं. पुणेकरांना कमिन्सची ओळख करून द्यायला नको. १९६२पासून कोथरूडमध्ये ते नाव आहे. ट्रकमध्ये हीच इंजिनं लाखो मैल पळतात. मोटरहोममध्ये बिचारं वीस वर्षांत साठ-सत्तर हजार मैल चालतं. म्हणजे इंजिन झिजून मरत नाही. मरतं ते वापराविना.

आणि इथेच आपली देशी सवय आडवी येते. जुनी गाडी घेताना आपण पहिला प्रश्न विचारतो, "किती चाललीय?" आकडा लहान दिसला की आपण खूश. मोटरहोमच्या बाबतीत हा प्रश्न जवळजवळ उलटा विचारावा लागतो: किती वर्षं, कुठे, कशी उभी होती? उभ्या गाडीत सील सुकतात, टायर आतून तडकतात, डिझेलच्या टाकीत पाणी जमून शेवाळासारखी घाण धरते, बॅटऱ्या संपतात, उंदीर वायरी खातात. आणि छतावरून येणारं पाणी निवांतपणे भिंतीत मुरत राहतं, कारण ते पाहायला आत कोणी नसतं.

याचं उदाहरण आम्हाला गॅल्व्हस्टनच्या बाजूला पाहायला मिळालं. २००७ची गाडी, फक्त एकोणीस हजार मैल, बाहेरून आरशासारखी चकचकीत. विकणारा म्हणाला, टायर नव्यासारखे आहेत. नक्षी खरोखर नव्यासारखीच होती. पण टायरच्या कडेला 'डॉट' या अक्षरांनी सुरू होणारा एक क्रमांक असतो आणि त्याचे शेवटचे चार आकडे म्हणजे टायरचा जन्मदिवस: आधी आठवडा, मग वर्ष. कधी हा पूर्ण क्रमांक टायरच्या आतल्या बाजूला असतो, तेव्हा बॅटरी घेऊन गाडीखाली सरपटावं लागतं. मी सरपटलो. आकडे होते ३८०६. म्हणजे २००६चा अडतिसावा आठवडा. गाडीबरोबर आलेले मूळचे टायर! पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्यावेत आणि दहा वर्षांनंतर नक्षी कितीही शाबूत असली तरी काढून टाकावेत, असा साधारण दंडक आहे. पुढचा टायर महामार्गावर फुटला, तर बारा-तेरा टनांची गाडी सावरणं भल्याभल्यांना जमत नाही. सहा टायर बदलायचे म्हणजे तीन-चार हजार डॉलर. तेवढ्याने भागलं असतं, तर मी भाव करायला बसलो असतो.

मग जनरेटर. त्यावर तासांचा मीटर असतो. एवढ्या वर्षांत भरले होते एकशेदहा तास. ऐकायला छान वाटतं, पण डिझेल जनरेटर महिन्यातून एकदा तरी एसी वगैरेचा भार देऊन चालवायचा असतो, नाहीतर तो आतून खराब होतो. वर्षांच्या मानाने तास फारच कमी दिसले, तर ती तक्रारीचीच गोष्ट समजा.

तोवर आतून हाक आली, "अहो, इथे या जरा." हिने पलंगाच्या वरचं कपाट उघडलं होतं. कोकणातलं बंद घर पावसाळ्यानंतर उघडल्यावर जो वास येतो, तोच. मी शिडी लावून छतावर चढलो. एसी आणि झरोक्यांभोवती लावलेलं सीलंट वाळून भेगाळलं होतं, आणि एका कोपऱ्यात पाय ठेवला तर खालची फळी दबत होती. खाली उतरून गाडीच्या लांबीला डोळा लावून, उन्हाच्या तिरक्या उजेडात बाजूची भिंत पाहिली, तर खिडकीखाली मोठा फुगवटा. फायबरग्लासचा पत्रा आतल्या लाकडापासून सुटला होता. याला इथे डीलॅमिनेशन म्हणतात, आणि त्याची दुरुस्ती कधीकधी गाडीच्या किमतीशी स्पर्धा करते. आम्ही विकणाऱ्याचे आभार मानून निघालो. माझं मत स्पष्ट आहे: इंजिनाचा आजार बरा करता येतो, भिंतीत मुरलेलं पाणी नाही. छत आणि भिंती आधी पाहा. त्यात नापास झाली, तर इंजिन सुरू करायची तसदीही घेऊ नका.

पास झाली, तर मात्र इंजिन थंडच सुरू झालं पाहिजे. विकणाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की आम्ही येण्यापूर्वी गाडी चालू करू नका, आणि पोचल्यावर इंजिनाला हात लावून पाहा. कोमट लागलं, तर काहीतरी झाकलं जातंय. सुरू करताना थोडा पांढरा धूर येऊन विरला, तर चिंता नाही. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. चालू इंजिनावर तेल भरायचं झाकण सैल करा. आतून जोरात वाफारे येत असतील, तर पिस्टनच्या रिंगा थकल्या आहेत. रेडिएटर मागे असलेल्या गाडीत आणखी एक खास दुखणं असतं. इंजिनाच्या श्वासनळीतून ठिबकणारं तेल पंखा रेडिएटरवर उडवतो, त्यावर रस्त्याची धूळ बसते आणि आतल्या बाजूला लिंपल्यासारखा थर तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. चढावर मात्र गाडी तापते. बॅटरी मारून आतली बाजू पाहिल्याशिवाय हलू नका.

एअर ब्रेकचीही घरच्या घरी परीक्षा होते. हवेचा दाब एकशेवीसच्या आसपास भरू द्या, चाकांना अडण लावा, इंजिन बंद करा, ब्रेक मोकळा करा आणि घड्याळ लावून काटा पाहत बसा. एका मिनिटात दोन पौंडांपेक्षा जास्त उतरला, तर कुठेतरी गळती आहे. ब्रेक दाबून धरला, तर मर्यादा तीन पौंडांची. ॲलिसनचा गिअरबॉक्स असेल आणि बटणांचं पॅड असेल, तर वरचा आणि खालचा बाण एकदम दाबला की तो स्वतःच तेलाची पातळी सांगतो. विकणाऱ्यांपैकी निम्म्यांना हे माहीत नसतं!

कुठल्या सालचं इंजिन घ्यावं, यावर इथे तासन् तास वाद चालतात. २००७पासून प्रदूषणाचे नियम कडक झाले आणि धुरातली काजळी अडवणारा फिल्टर आला. २०१०पासून बहुतेक इंजिनांत 'डेफ' हे युरियाचं द्रावण वेगळ्या टाकीत भरावं लागतं. हवेसाठी हे चांगलंच झालं. पण डेफच्या टाकीतला एक सेन्सर बिघडला, तर गाडीचा वेग ताशी पाच मैलांवर आणून ठेवणारी व्यवस्थाही त्यातच आहे, आणि २०२१मध्ये चिपांच्या टंचाईत हा सेन्सरच मिळेना, तेव्हा कित्येक मोटरहोम जागच्या जागी अडकली. वर्षातून चार-सहा महिनेच फिरणाऱ्या आमच्यासारख्यांना २००७च्या आधीचं इंजिन बरं, असं मी ठरवलं. साल गाडीचं पाहू नका, इंजिनावरच्या पट्टीवरचं पाहा.

शेवटी गाडी मिळाली ती आर्कान्सामध्ये. २००६ची, छत्तीस फुटी, आणि मीटरवर चौऱ्याण्णव हजार मैल. आमच्या मित्रमंडळींत कोणी तो आकडा ऐकून फोन पुढे केला नसता. मालक दोन वर्षांपूर्वी वारले होते आणि बाई एकट्या होत्या. त्यांनी टेबलावर एक जाडजूड फाईल ठेवली. प्रत्येक तेलबदल, प्रत्येक फिल्टर, दरवर्षी छतावर नव्याने लावलेलं सीलंट, सगळ्याच्या पावत्या, तारखा, मैल. नवरा गेल्यानंतरही जनरेटर दर महिन्याला चालवल्याची नोंद होती, अक्षर बदललेलं. "मला गाडी चालवता येत नाही," त्या म्हणाल्या, "पण हे करायचं असतं, हे त्याने मला शिकवलं होतं." जनरेटरचे तास अकराशेच्या वर. फ्रिज आम्ही सांगितल्याप्रमाणे आदल्या दिवशी चालू केला होता, कारण गॅसवर चालणारे हे फ्रिज थंड व्हायला तासन् तास घेतात. मागच्या झाकणाआड पिवळी भुकटी किंवा अमोनियाचा वास नाही ना, तेही पाहिलं.

तरीही फाईलवर विसंबलो नाही. आरव्ही तपासनिसांची इथे राष्ट्रीय संघटना आहे. तिचा प्रमाणित तपासनीस आपल्या खर्चाने बोलावला. तो ओलावा मोजायचं यंत्र घेऊन सगळ्या भिंतींवरून फिरला, आणि इंजिन, गिअरबॉक्स, जनरेटर यांच्या तेलाचे आणि कूलंटचे नमुने प्रयोगशाळेत पाठवले. तेलात धातूचे कण किती, कूलंट मिसळलंय का, हे रक्ततपासणीसारखं कागदावर येतं. या सगळ्याला बाराशे डॉलर लागले. विकणारा तपासणीला कां-कू करू लागला, तर तिथेच उत्तर मिळालं असं समजावं. गाडीचा सतरा अंकी क्रमांक सरकारच्या वाहन सुरक्षा खात्याच्या संकेतस्थळावर टाकून रिकॉल पाहिले; ते फुकट असतं. टायटल बाईंच्या एकटीच्या नावावर चढलं आहे आणि त्यावर कर्ज नाही, हेही पैसे देण्याआधी पाहून घेतलं. मालक वारलेला असेल, तर या एका कागदापायी सौदे महिनोन् महिने लटकतात.

अहवाल चांगला आला. टायर मात्र नऊ वर्षांचे होते. बाईंनी अडुसष्ट हजार सांगितले होते, टायरचा हिशेब मांडल्यावर एकसष्टवर जमलं. टेक्सासचा सव्वासहा टक्के कर अडतीसशेच्या आसपास, चार हजारांचे टायर, तपासनिसाचे बाराशे. सत्तर हजारांत बरोब्बर बसलं.

घ्यायच्या आधी भिंतीवरची वजनाची पट्टीही वाचा. गाडीचं कमाल वजन आणि त्यात तुम्हाला सामान किती भरता येईल, हे त्यावर असतं. पाण्याची शंभर गॅलनची टाकी भरली की आठशेतीस पौंड तिथेच संपतात. काही मोठ्या, देखण्या गाड्यांत उरलेल्यात चार माणसं, कपडे आणि आपलं पिठाचं पोतं मावत नाही. लांबीचाही विचार करा. ग्लेशियर नॅशनल पार्कमधल्या गोइंग-टू-द-सन रस्त्याच्या मुख्य घाटात एकवीस फुटांपेक्षा लांब गाडीला मज्जाव आहे, आणि राष्ट्रीय उद्यानांतल्या कितीतरी जुन्या कॅम्पांत चाळीस फुटी गाडी वळतच नाही. न्यू जर्सीहून फ्लोरिडाला उतरणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं, की गॅसची टाकी असलेली मोटरहोम बाल्टिमोरच्या बोगद्यांतून नेता येत नाही; वळसा घालावा लागतो.

राहिला परवाना. पुष्कळ राज्यांत साध्या कारच्या परवान्यावर ही बस चालवता येते, ऐकून अंगावर काटा येतो, पण खरं आहे. कॅलिफोर्नियात चाळीस फुटांच्या वर गेलात, तर वेगळा परवाना लागतो. आमच्या टेक्सासात हिशेब वजनाचा: सव्वीस हजार पौंडांच्या वर 'क्लास बी', आणि आमची गाडी सत्तावीस हजार नऊशे दहाची. लेखी परीक्षा मी पहिल्या फटक्यात पास झालो. रस्त्यावरच्या परीक्षेला त्याच वर्गाची गाडी आपणच न्यायची असते, आणि तिथवर शेजारच्या सीटवर आधीच परवाना असलेला माणूस बसवून न्यायची. डॅलसमध्ये असा कोणी मराठी माणूस असेल तर कळवा. जेवण आमच्याकडे, गाडीतच.